पोस्ट पलीकडे जाते म्हणजे नेमकं काय होतं?

मास्टोडॉनवर कुणी सकाळी एक पोस्ट लिहितं. थोड्याच वेळात ती ब्लूस्कायवर दिसू लागते. तिथला एक वाचक ती लाइक करतो, दुसरा खाली प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न मास्टोडॉनवरच्या लेखकाच्या नोटिफिकेशनमध्ये येऊन पडतो. लेखकाने ब्लूस्कायवर खातं कधी उघडलेलं नाही. प्रश्न विचारणाऱ्याने मास्टोडॉन कधी पाहिलेलंही नाही. दोघं आपापल्या जागी बसून एकमेकांशी बोलत आहेत.

नवल हे की या दोन जाळ्यांचं आपसांत काहीच जुळत नाही. पत्ता लिहिण्याची रीत वेगळी, पोस्ट साठवण्याची पद्धत वेगळी, आणि ती वाचकापर्यंत पोचवण्याची तर अगदी उलटी. दोन्हीकडच्या चालकांनी बसून काही करार केला आहे, असंही नाही. तरी संवाद होतो, कारण मधे एक तिसराच प्रोग्रॅम बसलेला आहे आणि तो दोन्हीकडे दोन वेगवेगळी रूपं घेऊन वावरतो. त्याला ब्रिज म्हणतात. हा ब्रिज आतून पाहिला की लक्षात येतं, पोस्ट पलीकडे जातच नाही. पलीकडे एक दुसरी पोस्ट जन्माला येते, आणि ती लिहिणारा एक दुसरा ‘मी’ही.

एका मालकाविना चालणारी जाळी

फेसबुकवर किंवा एक्सवर आपण जे लिहितो ते एका कंपनीच्या यंत्रांवर राहतं. कुणी काय वाचावं, कुणाचं खातं चालू राहावं, हेही तीच कंपनी ठरवते. विकेंद्रित जाळ्यांत हे काम अनेकांमध्ये वाटलेलं असतं. नियम जाहीर असतात. ते पाळून बोलणारा सर्व्हर कुणीही उभा करावा आणि जाळ्यात सामील व्हावं.

ही कल्पना जुनी आहे. माँट्रियलच्या इव्हान प्रॉड्रोमू यांनी २००८ साली आयडेंटिका नावाची सेवा सुरू केली, तेव्हाच वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या माणसांनी एकमेकांना फॉलो करावं हा विचार तिच्यामागे होता. २०१६मध्ये जर्मनीत ऑयगेन रोख्को यांनी मास्टोडॉन आणलं. २३ जानेवारी २०१८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’ हा प्रोटोकॉल अधिकृत शिफारस म्हणून जाहीर केला. प्रॉड्रोमू तो लिहिणाऱ्यांपैकी एक. हा प्रोटोकॉल बोलणाऱ्या सगळ्या सर्व्हरांचा मिळून जो पसारा होतो, त्याला फेडिव्हर्स म्हणतात.

फेडिव्हर्समध्ये तऱ्हा तरी किती! पीअरट्यूब व्हिडिओंसाठी, पिक्सेलफेड छायाचित्रांसाठी, लेमी चर्चांसाठी. वर्डप्रेसवर चालणाऱ्या ब्लॉगलाही एक प्लगइन जोडून यात आणता येतं. पीअरट्यूबवरच्या व्हिडिओखाली मास्टोडॉनवरून प्रतिक्रिया लिहिता येते. मात्र इथे ब्रिज लागत नाही, कारण ही सगळी सॉफ्टवेअर दिसायला निराळी असली तरी आतून अ‍ॅक्टिव्हिटीपबच बोलतात.

आपल्याकडे मास्टोडॉनचं नाव पहिल्यांदा मोठ्याने ऐकू आलं ते २०१९च्या नोव्हेंबरमध्ये. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं स्थगित झालं, आणि त्याचा निषेध म्हणून अनेक भारतीयांनी मास्टोडॉनवर खाती काढली. माणसं इकडे आली, पण त्यांचे जुने वाचक आणि जुनी संभाषणं ट्विटरवरच राहिली. जाळं बदलायचं म्हणजे ओळखीपाळखी सोडायच्या, ही अडचण तेव्हा सगळ्यांना दिसली. ब्रिज बांधणाऱ्यांनी हात घातला आहे तो या अडचणीलाच.

पाठवायचं, ठेवायचं, की सही करून सोडायचं?

तीन मोठी विकेंद्रित जाळी शेजारी ठेवून पाहिली, तर ‘पोस्ट करणं’ या साध्या क्रियेचे तीन निरनिराळे अर्थ दिसतात.

फेडिव्हर्समध्ये पोस्ट पाठवली जाते. प्रत्येक खात्याला सर्व्हरवर एक इनबॉक्स असतो. मी तुम्हाला फॉलो केलं की माझा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला ‘फॉलो’ असा संदेश धाडतो, तुमचा सर्व्हर ‘अ‍ॅक्सेप्ट’ म्हणतो, आणि त्यापुढे तुमची प्रत्येक पोस्ट ‘क्रिएट’ या संदेशात बसून माझ्या सर्व्हरच्या दारात येते. लाइकसाठी ‘लाइक’, पोस्ट पुढे पाठवण्यासाठी ‘अनाउन्स’, खोडण्यासाठी ‘डिलीट’. प्रत्येक संदेशावर डिजिटल सही असते, म्हणजे तो खरोखर त्याच सर्व्हरकडून आला हे पडताळता येतं. इथली ओळख सर्व्हरला बांधलेली आहे. नावापुढे सर्व्हरचा पत्ता येतो, ईमेलसारखाच.

ब्लूस्कायवर पोस्ट पाठवली जात नाही, ठेवली जाते. ब्लूस्कायचा प्रकल्प २०१९मध्ये ट्विटरने जाहीर केला. पुढे जे ग्रेबर यांच्या नेतृत्वाखाली त्याची स्वतंत्र कंपनी झाली आणि फेब्रुवारी २०२४मध्ये दारं सगळ्यांसाठी उघडली. तिच्या एटी प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक माणसाचं एक भांडार असतं. आपली पोस्ट, आपला लाइक, आपण कुणाला फॉलो केलं ही नोंद, सगळं आपल्याच भांडारात लिहिलं जातं. रिले नावाचे सर्व्हर असंख्य भांडारांतले बदल गोळा करून त्यांचा एक अखंड प्रवाह वाहता ठेवतात. तिसऱ्या प्रकारचे सर्व्हर तो प्रवाह वाचून आपल्यासमोर टाइमलाइन मांडतात. लेखक कुणाच्याही दारात जात नाही. सगळे येऊन त्याच्याकडून उचलतात.

ओळखही इथे सर्व्हरपासून सोडवलेली आहे. प्रत्येक खात्याला अक्षरं आणि आकडे मिळून बनलेली एक कायमची खूण मिळते. मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो, तसं इथे भांडार एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवलं तरी ही खूण बदलत नाही आणि फॉलोअर तुटत नाहीत.

तिसरं जाळं नॉस्टर. फियाटजाफ या टोपणनावाच्या माणसाने ते २०२०मध्ये मांडलं. इथे सर्व्हरकडे आपलं खातंच नसतं. आपल्याकडे किल्ल्यांची एक जोडी असते, एक खासगी आणि एक सार्वजनिक. खासगी किल्लीने पोस्टवर सही करायची आणि ती हव्या तितक्या रिलेंवर सोडायची. सार्वजनिक किल्ली हेच आपलं नाव. रिले बंद पडला तर दुसरा धरायचा. सही जुळली की पोस्ट आपलीच.

एकात ओळख सर्व्हरवर उभी, दुसऱ्यात कायमच्या खुणेवर, तिसऱ्यात नुसत्या गणितावर. इतका मूलभूत फरक असताना एकातला माणूस दुसऱ्याला दिसणार कसा?

ब्रिजची दोन रूपं

फेडिव्हर्स आणि ब्लूस्काय यांना जोडणारा सर्वांत परिचित ब्रिज म्हणजे ब्रिजी फेड. रायन बॅरेट या अमेरिकन प्रोग्रॅमरने तो २०१७मध्ये सुरू केला, तेव्हा लोकांच्या स्वतःच्या वेबसाइटी फेडिव्हर्सला जोडणं एवढंच त्याचं काम होतं. २०२४मध्ये त्यात ब्लूस्कायची भर पडली.

त्याची युक्ती थक्क करणारी आहे. फेडिव्हर्सच्या बाजूने पाहिलं तर ब्रिजी फेड हा एक साधा फेडिव्हर्स सर्व्हर दिसतो. त्याला इनबॉक्स आहेत, तो फॉलोला अ‍ॅक्सेप्ट म्हणतो, संदेशांवर सही करतो. ब्लूस्कायच्या बाजूने पाहिलं तर तोच भांडारं सांभाळणारा एक सर्व्हर दिसतो. मास्टोडॉनवरची व्यक्ती ब्रिजशी जोडली गेली की ब्रिज तिच्या नावाने ब्लूस्कायच्या पद्धतीचं एक नवं भांडार उघडतो आणि तिला तिथली कायमची खूण मिळवून देतो. त्यानंतर तिने मास्टोडॉनवर काही लिहिलं की ते ब्रिजच्या इनबॉक्समध्ये येतं, आणि ब्रिज त्या भांडारात नवी नोंद लिहितो. पुढचं काम ब्लूस्कायची यंत्रणा आपल्या नेहमीच्या रीतीने करते. उलट दिशेला ब्रिज ब्लूस्कायचा प्रवाह ऐकत बसतो, आपल्याशी जोडलेल्या माणसांच्या नोंदी त्यातून टिपतो आणि फेडिव्हर्समधल्या त्यांच्या फॉलोअरांच्या इनबॉक्समध्ये पाठवतो.

म्हणजे दोन्ही जाळ्यांना आपण कुणा परक्याशी बोलतो आहोत हे कळावंच लागत नाही. प्रत्येकाला समोर आपल्याच जातकुळीचा सर्व्हर दिसतो. नियम जाहीर असल्यामुळेच हे जमतं. फेसबुकच्या बाजूला असा सर्व्हर कुणी उभा करू म्हणेल, तर कंपनीने दार उघडल्याशिवाय ते होणार नाही.

पत्त्यांकडे पाहावं. ब्लूस्कायवर ‘वाचक.बीस्काय.सोशल’ या नावाचं खातं असेल, तर मास्टोडॉनवर ते ‘@वाचक.बीस्काय.सोशल@बीस्काय.ब्रिड.जीवाय’ असं दिसतं. मूळ पत्ता अख्खाच्या अख्खा नावाच्या जागी घातला आणि त्याच्यापुढे ब्रिजचा पत्ता जोडला. ही युक्ती फार जुनी आहे. १९८०च्या दशकात अर्पानेट, बिटनेट, यूयूसीपी अशी ईमेलची वेगवेगळी जाळी होती. एकातून दुसऱ्यात पत्र धाडायचं तर मधल्या गेटवेचा पत्ता लिहायचा आणि खरा पत्ता टक्क्याचं चिन्ह घालून त्याच्या पोटात ठेवायचा. यूयूसीपीमध्ये तर पत्र कुठल्या यंत्रावरून कुठल्या यंत्राकडे जाणार तो मार्गच उद्गारचिन्हांनी जोडून लिहीत.

असा एक गेटवे मुंबईत होता. भारतातल्या शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या अर्नेट प्रकल्पात आयआयटी, बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स यांच्याबरोबर जुहूची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था सहभागी होती. श्रीनिवासन रमणी तिचे संचालक. त्या दशकाच्या अखेरीस भारतातल्या संशोधकांचं ईमेल जुहूच्या या गेटवेतून अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या यूयूनेटकडे जात असे आणि तिथून जगभर पसरत असे. दोन निराळ्या जाळ्यांच्या सीमेवर बसून इकडचा पत्ता तिकडच्या पत्त्यात गुंडाळायचा, हे काम ज्यांनी केलं त्यांना आजचा ब्रिज क्षणात ओळखू येईल.

‘नमस्कार’ किती लांब आहे?

पत्ता गुंडाळून भागत नाही. मजकूरही बदलावा लागतो, आणि इथे देवनागरीत लिहिणाऱ्याला विशेष रस वाटावा अशी एक गोष्ट आहे.

मास्टोडॉनची पोस्ट प्रवास करते ती एचटीएमएलच्या रूपात. लिंक कुठे आहे, परिच्छेद कुठे मोडतो, याच्या खुणा मजकुराच्या आतच असतात. ब्लूस्काय मजकूर साधा ठेवतं आणि लिंक, उल्लेख, हॅशटॅग यांची यादी वेगळी लिहितं. अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंत लिंक आहे, असं. ही ठिकाणं अक्षरांत मोजत नाहीत, बाइटमध्ये मोजतात.

‘नमस्कार’ हा शब्द घ्या. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात: न, म, स्का, र. युनिकोडच्या हिशेबात ती सात चिन्हं आहेत, कारण स, हलन्त, क आणि काना ही स्वतंत्र धरली जातात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून हाच शब्द एकवीस बाइटांचा होतो. ‘नमस्कार’ लिहून एक जागा सोडून कुणी लिंक दिली, तर ती लिंक बाविसाव्या स्थानावर सुरू होते, कारण मोजणी शून्यापासून होते. ब्रिजने इथे चिन्हं मोजली आणि आठ लिहिलं, तर लिंकची निळी रेघ थेट ‘स’च्या मधोमध पडेल. इंग्रजी पोस्टमध्ये चिन्ह आणि बाइट यांची संख्या बहुतेक वेळा सारखीच येते, त्यामुळे अशी चूक लपून राहते. ती उघडी पडते मराठी, तमिळ, अरबी किंवा जपानी लिहिणाऱ्यांच्या पोस्टमध्ये.

लांबीचंही तसंच. मास्टोडॉनवर साधारणपणे ५०० अक्षरं चालतात, ब्लूस्कायवर ३००. सुदैवाने ब्लूस्काय ही मर्यादा दिसणाऱ्या अक्षरांवर लावतं, त्यामुळे जोडाक्षरांनी भरलेलं मराठी वाक्य तिथे फुकट लांब ठरत नाही. पोस्ट तरीही मोठी झाली, तर ब्रिज ती कापतो आणि खाली मूळ पोस्टची लिंक देतो. मजकुरात कुणाचा उल्लेख असेल, तर त्या माणसाची पलीकडची खूण शोधावी लागते. ती सापडलीच नाही, तर तिथे जिवंत उल्लेख उरत नाही.

त्याशिवाय ब्रिजला एक वही सांभाळावी लागते: इकडच्या कुठल्या पोस्टची तिकडची प्रत कोणती. ही वही नसेल तर उत्तर योग्य पोस्टखाली लागणार नाही. मूळ लेखकाने पोस्ट खोडली तर कुठली प्रत खोडायची हे कळणार नाही. आणि ब्रिजने स्वतःच ब्लूस्कायवर ठेवलेली प्रत त्यालाच प्रवाहात नवी पोस्ट म्हणून दिसेल, ती तो परत फेडिव्हर्सकडे पाठवेल, आणि तो फेरा थांबणार नाही. एका ओळीच्या गप्पेमागे ही सगळी नोंद जागी असते.

सही कोणाची?

फेडिव्हर्स आणि नॉस्टर यांच्यामध्येही ब्रिज आहे. अ‍ॅलेक्स ग्लीसन यांनी बांधलेला मोस्टर हा त्यांतला सर्वपरिचित. पोस्ट नॉस्टरवरून मोस्टरमार्गे फेडिव्हर्समध्ये आणि तिथून ब्रिजी फेडमार्गे ब्लूस्कायवर, असा दोन पुलांचा प्रवासही लोकांनी साधला आहे.

नॉस्टरच्या बाबतीत एक प्रश्न मात्र फार टोकदार होतो. तिथे सही म्हणजेच माणूस. मास्टोडॉनवरच्या व्यक्तीकडे नॉस्टरची खासगी किल्ली नसते. मग तिच्या पोस्टवर तिथे सही कोण करतं? ब्रिज करतो, त्यानेच तिच्यासाठी बनवलेल्या किल्लीने. गणिताच्या दृष्टीने तो निराळा माणूस आहे, ज्याचं नाव आणि चेहरा तेवढा तिच्यासारखा आहे. ब्रिजी फेडवरही हेच घडतं. पलीकडच्या भांडारावरची सही ब्रिजच्या ताब्यातल्या किल्लीने होते.

म्हणजे ज्या व्यवस्था ‘कुणावर विश्वास ठेवायची गरज नको’ या आग्रहातून घडल्या, त्या जोडायच्या म्हटल्या की मधे विश्वास ठेवावाच लागतो. आपल्या नावाने कुणीतरी सही करतो आहे आणि तो आपण लिहिलं तेवढंच लिहील, या भरवशावर सगळं उभं आहे.

कंपनीला नको, माणसाला विचारा

म्हणूनच २०२४च्या फेब्रुवारीत जे झालं ते समजून घ्यावं. बॅरेट यांचा मूळ बेत असा होता की फेडिव्हर्समधल्या सार्वजनिक पोस्ट आपोआप ब्लूस्कायवर दिसाव्यात आणि ज्याला नको असेल त्याने तसं कळवावं. ही गोष्ट जाहीर होताच फेडिव्हर्समधून जोरदार विरोध झाला. छळाला कंटाळून मोठ्या जाळ्यांतून निघून आलेली कितीतरी माणसं तिथे होती. त्यांनी आपला सर्व्हर, तिथले नियम आणि तिथले मॉडरेटर पारखून निवडले होते. आपल्या नावाची प्रत न विचारता दुसरीकडे उभी राहणार, हे त्यांना मान्य नव्हतं.

दुसरी बाजूही पोकळ नव्हती. सार्वजनिक पोस्ट सार्वजनिकच असते. फेडिव्हर्समधले हजारो सर्व्हर एकमेकांना आधी न विचारताच पोस्ट देतात घेतात, मग ब्रिज नावाच्या आणखी एका सर्व्हरने काय बिघडतं, असं या बाजूचे लोक विचारत होते. तांत्रिक उत्तर त्यांच्या बाजूचं होतं. पण माझ्या मते विरोध करणाऱ्यांना नेमकं कळलं होतं की इथे फक्त पोस्ट जात नाही. आपल्या नावाने सही करणारा दुसरा माणूस तयार होतो, आणि तो तयार करायचा तर आधी विचारायला हवं.

बॅरेट यांनी ऐकलं. आज फेडिव्हर्समधल्या माणसाने ब्रिजच्या बॉटला स्वतःहून फॉलो केलं तरच त्याची प्रत पलीकडे उघडते. ब्लूस्कायवरच्या माणसासाठीही असाच बॉट आहे. बॉटला ब्लॉक केलं की जोडणी संपते. फक्त सार्वजनिक पोस्ट पलीकडे जातात. पलीकडचा ज्याने होकार दिलेला नाही, त्याचं उत्तर इकडे येत नाही. त्यामुळे संभाषणात फटी राहतात, कधी प्रश्न दिसतो आणि त्याखालचं अर्धं बोलणं दिसत नाही. ही किंमत आहे, आणि मला ती योग्य वाटते.

पुढे ‘अ न्यू सोशल’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि ब्रिजी फेड तिच्याकडे आला. त्याचा कोड मुक्त आहे. कुणीही वाचावा, तपासावा, आपला निराळा ब्रिज उभा करावा.

ईमेलच्या जमान्यातले गेटवे काळाच्या ओघात गेले, कारण एक पद्धत सगळ्यांनी स्वीकारली आणि बाकीची जाळी तिच्यात विरली. या वेळी तसं होईल असं मला वाटत नाही, आणि व्हावं असंही वाटत नाही. पाठवणं, ठेवणं आणि सही करून सोडणं या तीन पद्धती तीन वेगळ्या इच्छांमधून आल्या आहेत: आपला समूह जपण्याची, आपली ओळख बरोबर नेता येण्याची, आणि कुणाच्याही मर्जीवर अवलंबून न राहण्याची. एक जिंकली तर उरलेल्या दोन इच्छा निराधार होतील. ब्रिज असले की त्या तिन्ही शेजारी नांदू शकतात, आणि आपल्याला हवं ते जाळं निवडूनही पलीकडच्या माणसाशी बोलता येतं.

ज्यांचं मास्टोडॉनवर किंवा ब्लूस्कायवर खातं आहे, त्यांनी हे करून पाहावं. बॉटला फॉलो करायचं, मराठीत एक पोस्ट लिहायची, तीत एक लिंक घालायची, आणि मग पलीकडे जाऊन आपली प्रत न्याहाळायची. लिंक बरोबर शब्दाशी सुरू झाली असेल, तर कुणीतरी आपल्या लिपीचे बाइट नीट मोजले आहेत. चुकली असेल, तर ती चूक कळवायची जागा खुली आहे, आणि ती मराठी लिहिणाऱ्यालाच आधी दिसणार आहे.